भाडं येतं म्हणजे किती येतं?

आपल्या वयाच्या मंडळींचा संडे हल्ली कसा जातो माहितीये? सकाळी मिसळ आणि दुपारी सॅम्पल फ्लॅट! गाडी एकदा बायपासला लागली की दोन्ही बाजूंची होर्डिंग्ज हाका मारायला लागतात. स्विमिंग पूल, क्लब हाऊस, 'फक्त शेवटचे दोन युनिट'. (हे शेवटचे दोन युनिट मी गेली दोन वर्षं बघतेय. अजून शेवटचेच आहेत.) बरं, ही सगळी गर्दी स्वतःला राहायला घर शोधत असते असंही नाही. बऱ्याच जणांचं राहायचं घर झालेलं असतं, किंवा आई-बाबांचं असतं. आता त्यांना दुसरं हवंय, भाड्याने द्यायला. "एक घेऊन टाकायचा रे, भाड्यातच इएमआय निघतो!" हे वाक्य मी कॅफेपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत इतक्या वेळा ऐकलंय की आता ते वाक्य सुरू झालं की मी मनातल्या मनात कॅल्क्युलेटर उघडते.

कारण मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूची आहे हो. म्हणजे भाडेकरू! पुण्यात सात वर्षांत पाच घरं झाली. तुम्ही ज्या 'टेनंट'च्या जिवावर इएमआय फेडायची स्वप्नं बघताय ना, तो टेनंट म्हणजे मी. फ्रीलान्स पत्रकाराला बँकवाले फार भाव देत नाहीत, त्यामुळे अजून काही वर्षं तरी मी टेनंटच असणार. म्हणूनच माझ्या मामेबहिणीने जेव्हा "अगं, संडेला रिकामी आहेस का? फ्लॅट बघायला जायचंय," असा फोन केला तेव्हा मी लगेच हो म्हटलं.

ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. हिंजवडीला आयटीत, पॅकेज बरं, आपल्या सासरच्या घरात राहते. मामा कराडजवळच्या एका हायस्कुलातून हेडमास्तर म्हणून रिटायर झाले. पेन्शन आहे, पण एकरकमी जे मिळालं त्यातले १८ लाख त्यांनी लेकीला द्यायचं ठरवलंय. ताई त्यात लोन घालणार, पुण्यात टू बीएचके घेणार, आणि मामांच्या शब्दांत "महिन्याच्या महिन्याला भाडं सुरू". ते भाडं मामा-मामींच्या औषधपाण्याला आणि थोडंफार हिंडण्याफिरण्याला. प्लॅन एकदम सरळ! आणि म्हणूनच मला जरा टेन्शन आलं. ताईचा पगार पुढच्या महिन्यात पुन्हा येईल. मामांचे १८ लाख पुन्हा येणार नाहीत.

तर आम्ही तिघं निघालो. पहिला मुक्काम पुनावळ्याकडची एक अंडर कन्स्ट्रक्शन स्कीम. एसी ऑफिस, कॉफी, आणि टाय लावलेला एक गोड मुलगा. सॅम्पल फ्लॅट बघून तर ताई हरखलीच. तुम्ही कधी सॅम्पल फ्लॅटमधल्या बेडची लांबी मोजलीये? मोजा. आणि आतल्या खोल्यांना दारं नसतात तेही बघा; दारं नसली की खोली मोठी वाटते. टायवाल्याने पझेशनची एक तारीख सांगितली. मी तिथेच कॉफी पिता पिता मोबाइलवर महारेराची साइट उघडली. १ मे २०१७ पासून ही सोय आहे, फुकट आहे, आणि तरी लाखो रुपये खर्च करायला निघालेले लोक ती उघडत नाहीत, ह्याचं मला कायम नवल वाटतं. प्रोजेक्टचा नंबर टाकला की बिल्डरने स्वतः लिहून दिलेली तारीख दिसते. टायवाल्याची तारीख आणि साइटवरची तारीख ह्यात चौदा महिन्यांचं अंतर होतं! "मॅम, ती लीगल डेट असते," तो म्हणाला. चौदा महिने म्हणजे चौदा भाडी. शिवाय बांधकाम चालू असलेल्या घरावर जीएसटी लागतो, ४५ लाखांपर्यंतच्या परवडणाऱ्या घरांना १ टक्का आणि त्यावरच्यांना ५. तयार, कम्प्लीशन मिळालेल्या घराला तो लागत नाही. भाड्यासाठी घर घ्यायचं आणि पहिली काही वर्षं भाडंच नाही, वर लोनचं व्याज आणि जीएसटी... मला तरी ह्यात काही तर्क दिसला नाही. भाव वाढेल ह्या आशेवर घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी, तो वेगळा जुगार आहे. आम्ही कॉफी संपवून निघालो.

दुसरा मुक्काम वाकड. तयार सोसायटी, रीसेलचा टू बीएचके, सातवा मजला, किंमत ६० लाख. एजंट म्हणाला, "साहेब, वीस हजार भाडं आरामात. हिंजवडी हाकेच्या अंतरावर." मामांनी मान डोलावली आणि स्वयंपाकघरात जाऊन आधी नळ सोडला. पाणी आलं. मग ते कोणाला न सांगता खाली गेले ते थेट वॉचमनकडे. मी मागे मागे.

"टँकर येतात का हो?"

"येतेत की. उन्हाळ्यात दहा-बारा बी होतेत दिवसाला."

"बिल कोण भरतं?"

"मेन्टेनन्समदी लावतेत साहेब. मागल्या वर्षी त्यावरूनच भांडणं झाली."

चाळीस वर्षं पोरांच्या उत्तरपत्रिका तपासलेला माणूस! ब्रोशरमध्ये जे नव्हतं ते मामांनी दोन प्रश्नांत काढलं.

घरी आल्यावर आम्ही कागद घेऊन बसलो. आता इथे जरा आकडेमोड आहे, कंटाळू नका, कारण सगळी गंमत इथेच आहे. ६० लाखांचं घर ६० लाखांना पडत नाही. पुण्यात स्टॅम्प ड्युटी मेट्रोचा सेस वगैरे धरून ७ टक्के. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत, १ एप्रिल २०२१ पासून. मामांनी आधीच सांगितलं होतं, घर लेकीच्या एकटीच्या नावावर. माझं नाव नको. म्हणजे ३ लाख ६० हजार. रजिस्ट्रेशन १ टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार. कपाटं, किचन ट्रॉली, गीझर, पंखे, पडदे, पेंटिंग असं भाडेकरूला हवं ते सगळं करायला २ लाख १० हजार धरले. झाले ६६ लाख. आणि लक्षात घ्या, बँक लोन देते ते घराच्या किमतीवर; स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन खिशातून. म्हणजे ४८ लाखांचं लोन आणि मामांचे पूर्ण १८ लाख. एक रुपया शिल्लक नाही.

आता भाडं. वर्षाला बारा महिने असतात, पण भाड्याचं वर्ष अकरा महिन्यांचं धरा. एक भाडेकरू गेला आणि दुसरा आला की मध्ये महिना जातोच. म्हणजे २ लाख २० हजार. त्यातून मेन्टेनन्स महिना तीन हजार, वर्षाचे ३६ हजार. प्रॉपर्टी टॅक्स १२ हजार. एजंटला एक महिन्याचं भाडं, २० हजार. अॅग्रीमेंट, प्लंबर, रंगाचा हात असे १० हजार. खाली उरले १ लाख ४२ हजार. ६६ लाखांवर १ लाख ४२ हजार म्हणजे सव्वादोन टक्केसुद्धा नाहीत! एजंटने ६० लाखांवर २० हजारांचं गणित करून 'चार टक्के यील्ड सर' म्हटलं होतं. ते खोटं नव्हतं, फक्त अर्धं होतं.

आणि इएमआय? आठ टक्के दर, वीस वर्षं धरली तर ४८ लाखांना महिना ४० हजार १५०च्या आसपास. हातात पडणारं भाडं महिन्याला साधारण ११ हजार ८००. म्हणजे दरमहा २८ हजारांहून जास्त ताईच्या पगारातून! 'भाड्यात इएमआय' कुठे गेला? पहिल्या वर्षात ताई जवळपास ४ लाख ८२ हजार भरणार, त्यातलं पावणेचार लाखांहून अधिक नुसतं व्याज.

मग मी मामांना एक छोटा प्रश्न विचारला. "मामा, हे १८ लाख तुम्ही पोस्टातल्या सीनियर सिटिझन्सच्या योजनेत टाकले तर?" ह्या योजनेचा दर एप्रिल २०२३ मध्ये ८.२ टक्के झाला आणि मर्यादा ३० लाख. त्या दराने १८ लाखांवर वर्षाला १ लाख ४७ हजार ६०० रुपये. दर तिमाहीला खात्यात. टँकर नाही, एजंट नाही, आणि ताईच्या डोक्यावर ४८ लाखांचं लोन नाही.

खोलीत जरा शांतता झाली.

ताई चिडलीच. "अगं पण घराची किंमत वाढते ना! एफडीची वाढते का?" पॉइंट आहे. भाडंही दर अॅग्रीमेंटला थोडं वाढतं, व्याज तेवढंच राहतं, आणि त्या व्याजावर टॅक्सही आहे. सगळं मान्य! पण किंमत वाढते हा काही निसर्गनियम नाही. २०१४-१५ नंतरची पाच-सहा वर्षं पुण्यात भाव बऱ्याच ठिकाणी जागचे हलले नव्हते, हे त्या काळात इन्व्हेस्टमेंटचा फ्लॅट घेतलेल्या कुठल्याही काकांना विचारा. नंतर वाढले, हेही खरं. आणि वाढलेला भाव खिशात पडतो तो विकल्यावर. मामांना औषधं आत्ता लागतात. ताईला भाववाढ हवी होती आणि मामांना महिन्याचं उत्पन्न. दोघं एकच फ्लॅट बघत होते, पण दोन वेगळ्या कारणांसाठी. घरोघरी हेच होतं असं मला वाटतं. आधी कोणाला काय हवंय ते एकदा मोठ्याने बोलून घ्या बुवा.

आता टेनंटचं ऐका जरा!

माझी पाच घरं का सुटली सांगते. पहिलं, मालकाच्या पुतण्याचं लग्न ठरलं म्हणून. त्यात कोणाचा दोष नाही. दुसरं, मार्च ते जून पाणी एक तास यायचं म्हणून. तिसऱ्या सोसायटीने ठराव केला, बॅचलर मुलींनी रात्री दहाच्या आत गेटात. (न्यूजरूमची शिफ्ट अकराला संपायची.) सोसायटीला असा ठराव करता येतो की नाही हा वकिलांचा प्रश्न. भाडेकरू काही कोर्टात जात नाही, तो दुसरं घर बघतो, आणि मालकाचा फ्लॅट रिकामा पडतो. चौथ्या घरात मोबाइलला रेंज नव्हती. बाल्कनीत उभं राहून मुलाखती घ्यायचे. पाचव्यात आहे अजून. पाचवं घर दिसायला सगळ्यात साधं आहे. स्विमिंग पूल नाही, जिम नाही. पण पाणी चोवीस तास, खाली दूधवाला, बसस्टॉप तीन मिनिटांवर. क्लब हाऊससाठी मी महिन्याला दोन हजार जास्त देईन असं ज्याला वाटतं त्याला माझा फोन नंबर द्या, मी समजावून सांगते.

म्हणजे मालक ज्या गोष्टींवर भाळून घर घेतो आणि भाडेकरू ज्यासाठी भाडं देतो, त्या वेगळ्याच असतात. भाडेकरू पैसे देतो ते चालत पोचण्याच्या अंतराचे. ऑफिस, कॉलेज, हॉस्पिटल, स्टेशन. आणि स्टेशन म्हणजे धावणाऱ्या मेट्रोचं, ब्रोशरमधल्या नाही! हिंजवडी ते शिवाजीनगर मार्गाचं भूमिपूजन डिसेंबर २०१८ मध्ये झालं. तेव्हापासून किती जणांनी 'मेट्रो टच' म्हणून जास्त दर मोजला असेल. पुढची सगळी बांधकामाची वर्षं भाडेकरूने काय दिलं? ट्रॅफिक जॅमचं भाडं. वनाज ते गरवारे कॉलेज हा टप्पा मार्च २०२२ मध्ये सुरू झाला, पुढे मार्च २०२४ मध्ये तो मार्ग रामवाडीपर्यंत गेला. अशा चालू स्टेशनपासून दहा मिनिटांतलं जुनं घर आणि अजून न आलेल्या स्टेशनसमोरचं नवं घर ह्यात भाड्यासाठी मी डोळे मिटून जुनं घेईन.

आणि एकच एक गिऱ्हाईक असलेला एरिया असेल तर जरा जपून. २०२० मध्ये आयटीवाले लॅपटॉप काखोटीला मारून गावी गेले तेव्हा हिंजवडी-वाकड पट्ट्यात चाव्या मालकांकडे परत आल्या. कॉलेजच्या आसपासच्या खोल्याही रिकाम्या झाल्या म्हणा. पण जिथे कॉलेज आहे, हॉस्पिटल आहे आणि शाळेमुळे फॅमिलीही येतात, तिथे एक गेला तर दुसरा येतो.

ह्याच हिशोबाने आमचा तिसरा मुक्काम ठरला. कर्वेनगर. तीन मजली जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही, दुसऱ्या मजल्यावर वन बीएचके. फरश्या जुन्या, खिडक्यांना लोखंडी गज. ताईचा चेहरा पडला. "अगं, हे काय? आपण गावाकडच्या घरात आलोय का?" पण मालकाने दार उघडलं तर आत तीन मुली अभ्यास करत बसलेल्या. कमिन्स कॉलेज चालत जाण्यासारखं. तिघी मिळून १७ हजार देतात. मामांनी मालकाला सोडून मुलींनाच विचारलं, "काय गं पोरींनो, पाण्याचं काय?" "काका, कॉर्पोरेशनचं येतं. सकाळी भरून ठेवलं की दिवसभर पुरतं." टँकर? मुली हसल्या. आणि आम्ही गेल्यावर पुढच्या बॅचच्या दोघी आधीच विचारून गेल्यात, असंही एकीने सांगितलं. ह्याहून चांगलं मार्केट रिसर्च कुठल्या कन्सल्टंटने केलं असतं?

किंमत ४२ लाख. स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन आणि बाथरूम, वायरिंग वगैरे सगळं नीट करायला दोन-सव्वादोन लाख धरून ४७ लाख. इथे खाडा अर्ध्या महिन्याचा धरला. मेन्टेनन्स महिना हजार. प्रॉपर्टी टॅक्स ८ हजार. पुणे महापालिका स्वतः राहणाऱ्यांना जी ४० टक्के सवलत देते ती भाड्याने दिलेल्या घराला मिळत नाही, हे धरूनच. एजंट आणि दुरुस्ती मागच्याच पद्धतीने. हातात १ लाख ४८ हजार ५००. म्हणजे ४७ लाखांवर ३ टक्क्यांच्या थोडं वर. कमीच आहे! आपल्या मोठ्या शहरांत राहत्या घरांचं भाडं हे असंच असतं, त्यावर फार रडू नये. पण वाकडच्या ६६ लाखांपेक्षा कर्वेनगरचे ४७ लाख जास्त भाडं हातात देतात, हे बघून ताई कागदाकडे वळली. लोन २९ लाख, इएमआय २४ हजार २५०च्या आसपास. पगारातून टाकायचे ते २८ हजारांऐवजी १२ हजारांच्या आत.

लिफ्ट नसलेली जुनी बिल्डिंग म्हणजे कटकटीही आहेत. बँक बिल्डिंगचं वय बघते. जमीन सोसायटीच्या नावावर झालेली नसेल, म्हणजे कन्व्हेयन्स झालेला नसेल, तर पुढे रीडेव्हलपमेंट अडतं. रंग, गळती, ड्रेनेज चालूच. ज्याला हे झेपणार नाही त्याने उगाच जुन्या घराच्या प्रेमात पडू नये.

टॅक्सचंही सांगते, कारण एजंट लोक 'टॅक्स वाचतो' हा हुकमाचा पत्ता नेहमी शेवटी टाकतात. भाड्यातून भरलेला प्रॉपर्टी टॅक्स वजा होतो, उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते, लोनचं व्याजही वजा होतं. इथपर्यंत ठीक. पण व्याज भाड्याहून जास्त झालं की जो तोटा दिसतो तो जुन्या करप्रणालीत वर्षाला २ लाखांपर्यंतच पगारातून वजा होतो, आणि नव्या प्रणालीत अजिबात होत नाही. ताई नव्या प्रणालीत आहे. तिच्या एजंटला हे माहीत नव्हतं, की सांगायचं नव्हतं, देव जाणे.

आणि ज्यांना 'भाडं' हवंय पण नळ, फरश्या आणि सोसायटीची मीटिंग नकोय, त्यांच्यासाठी राइट्स नावाचा प्रकार आहे. आपल्याकडचा पहिला राइट एप्रिल २०१९ मध्ये शेअर बाजारात आला. म्हणजे मोठाल्या ऑफिस इमारतींच्या मालकीचे छोटे छोटे तुकडे. वाटता येण्याजोग्या रोकडीतली किमान ९० टक्के रक्कम त्यांना युनिटधारकांना वाटावीच लागते. २०२१ पासून एक युनिटही घेता येतं. ह्यांच्या मालकीच्या काही इमारती हिंजवडीत आणि खराडीत आहेत. म्हणजे तुमची कंपनी ज्या बिल्डिंगचं भाडं भरते त्यातला बारीकसा हिस्सा तुमच्या खात्यात येऊ शकतो. मजा आहे ना? पण युनिटचा भाव शेअरसारखा वर-खाली होतो आणि ऑफिसं रिकामी पडली की वाटपही कमी होतं. मामांना हे सांगून बघितलं. "ज्याला कुलूप लावता येत नाही ते घर कसलं?" असं म्हणून त्यांनी विषय संपवला.

घर घेतलंच तर पुढे एका बाबतीत चालढकल नको, ती म्हणजे लिव्ह अँड लायसन्सचं अॅग्रीमेंट. 'अकरा महिन्यांचं आहे, रजिस्टर कशाला करायचं' हे आपल्याकडे अजून सर्रास ऐकू येतं. एक वर्षापेक्षा कमी मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागत नाही ह्या जुन्या नियमातून ती अकरा महिन्यांची सवय आली. महाराष्ट्रात मात्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. शिवाय करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरून पुढे जातात. (टेनंट म्हणून मला हे कलम फार आवडतं.) उलट नोंदलेल्या कराराची मुदत संपूनही कोणी बसून राहिलं तर ताबा मागायला स्वतंत्र, लवकरची वाट आहे आणि तोवर दुप्पट दराने भरपाई. हे सगळं आता आधार आणि अंगठ्यावर घरबसल्या होतं. स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्याच्या पाव टक्का. पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायची तीही ऑनलाइन. आणि सोसायटी 'भाडेकरू ठेवलाय' म्हणून मेन्टेनन्सच्या दुप्पट मागायला लागली तर सांगा, २००१ च्या सरकारी आदेशाने बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या १० टक्क्यांवर नेता येत नाही. मालक लोकांनो, हे तुमच्यासाठी. माझ्यासारख्यांकडून वसूल करू नका म्हणजे झालं.

ताईचं काय झालं? वाकड रद्द. पुनावळे तर आधीच. कर्वेनगरच्या मालकाला ४० लाखांची ऑफर दिलीये, ते ४१ वर अडलेत. मामांनी १८ पैकी ६ लाख पोस्टात ठेवायचे ठरवलेत. तेवढं लोन ताई जास्त घेईल. मामींना हे ऐकून सगळ्यात जास्त बरं वाटलं, त्या पहिल्यापासून गप्प होत्या. कागद वकिलाकडे गेलेत आणि त्यात एक खोच निघालीये. शेअर सर्टिफिकेट अजून मालकाच्या दिवंगत वडिलांच्या नावावर आहे आणि त्यांना दोन बहिणी आहेत. दोघींचं हक्कसोडपत्र नोंदवून सर्टिफिकेट नावावर झाल्याशिवाय टोकनसुद्धा द्यायचं नाही, असं वकिलांनी बजावलंय. एक बहीण पुण्यातच असते, दुसरी नागपूरला, ती दिवाळीला येणार आहे. ताई थांबणार आहे. मामा दर रविवारी मला फोन करून विचारतात, नागपूरवरून काही कळलं का? वाकडच्या एजंटचे मात्र रोज सकाळी मेसेज येतात. गुड मॉर्निंग, एक फूल, आणि खाली 'लास्ट टू युनिट्स'.